जगाला शेवट नसतो, गोष्टीला लागतो

मनात एक अख्खं जग घेऊन वावरणारी माणसं बरीच असतात. त्यांच्या वह्यांमध्ये नद्या आणि डोंगर आखलेले असतात, राजघराण्यांच्या सात-सात पिढ्यांच्या वंशावळी असतात, तिथल्या नाण्यांवर कोणाची मुद्रा आहे आणि मेलेल्यांना पुरतात की जाळतात हेही ठरलेलं असतं. विचारलं तर तासभर रंगून सांगतात. ‘मग गोष्ट कुठवर आली?’ असं विचारलं की मात्र गप्प होतात. अजून थोडं काम बाकी आहे म्हणतात, आणि ते काम वर्षानुवर्षं बाकीच राहतं. याचं खापर सहसा आळसावर, नोकरीवर, नाहीतर चिकाटीच्या अभावावर फोडलं जातं. मला ते पटत नाही. दहा वर्षं वंशावळी आखणारा माणूस आळशी कसा असेल? तो एक काम मन लावून करत असतो आणि त्यातूनच दुसरं आपोआप होईल अशी आशा धरून बसलेला असतो. ते होत नाही, कारण जग रचणं आणि गोष्ट सांगणं ही दोन कामं मुळातच वेगळी आहेत.

माझं म्हणणं थोडक्यात असं: जग म्हणजे लेखकाला जे ठाऊक आहे ते. गोष्ट म्हणजे त्या जगातल्या कोणाला तरी जे ठाऊक नाही आणि जे कळण्यासाठी त्याला किंमत मोजावी लागते ते. भारतीय युद्धाचा तेरावा दिवस आठवा. द्रोणाचार्यांनी चक्रव्यूह रचला आहे. संशप्तकांनी अर्जुनाला दूर गुंतवून ठेवलं आहे. अर्जुन सोडून बाकी पांडवांना एक दिवस थोपवून धरण्याचा वर जयद्रथाकडे आहे. ही सगळी जगाची माहिती झाली. तिच्यावर पानंच्या पानं लिहिता येतील आणि तरीही गोष्ट सुरू होणार नाही. ती सुरू होते अभिमन्यूच्या एका वाक्यापाशी: आत शिरायचं कसं ते येतं, बाहेर पडायचं कसं ते येत नाही. त्या अर्ध्या ज्ञानानं व्यूहाला धार येते. दोन्ही येत असतं तर तो एका पराक्रमाचा वृत्तांत झाला असता. काहीच येत नसतं तर तो आत गेलाच नसता. जग रचणाऱ्याला व्यूह पुरा ठाऊक असतो. गोष्ट सांगणाऱ्याला अभिमन्यू शोधावा लागतो.

हे ज्यांना प्रत्यक्ष करावं लागलं त्यांच्यापैकी ब्राँटी भावंडांचं उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं. १८२६ च्या जूनमध्ये यॉर्कशरमधल्या हॉवर्थ गावचे धर्मगुरू पॅट्रिक ब्राँटी लीड्सहून मुलासाठी १२ लाकडी शिपायांचा संच घेऊन आले. शार्लट तेव्हा १० वर्षांची होती. ब्रॅनवेल, एमिली आणि ॲन तिच्याहून धाकटे. प्रत्येकानं एकेक शिपाई उचलला आणि त्याला नाव दिलं. शार्लटचा झाला ड्यूक ऑफ वेलिंग्टन, ब्रॅनवेलचा बोनापार्ट. त्या शिपायांसाठी आधी एक शहर उभं राहिलं, ग्लास टाउन. मग शार्लट आणि ब्रॅनवेल यांचं अँग्रिया नावाचं राज्य झालं आणि एमिली-ॲननी गोंडल नावाचं आपलं वेगळं बेट वसवलं. शिपायांना वाचता यावीत अशा मापाची पुस्तकं मुलांनी बनवली: काड्यापेटीएवढी, हातानं शिवलेली, छापील अक्षरांसारख्या इतक्या बारीक लिपीत लिहिलेली, की आज ती वाचायला भिंग लागतं. त्यांत युद्धं आहेत, निवडणुका आहेत, मासिकं आहेत, जाहिरातीसुद्धा आहेत. मुलांनी जग रचलं असं म्हणायला याहून भक्कम पुरावा नको.

शार्लट या जगात दहा वर्षांहून जास्त काळ राहिली. रो हेडच्या शाळेत शिकवत असताना मुलींच्या वह्या तपासता तपासता तिच्या डोळ्यांपुढे अँग्रिया उभी राहायची आणि एखादी विद्यार्थिनी काहीतरी विचारायला आली की मोडायची. त्या चडफडीच्या नोंदी तिनं लिहून ठेवल्या आहेत. पण अँग्रियाच्या शेकडो पानांमधून एक पुरी कादंबरी काही निघाली नाही. तिथले निवेदक दरबारातली प्रत्येक कुजबुज ठाऊक असलेले, सरदार झमोर्ना एकाच वेळी मोहक, क्रूर आणि अजिंक्य. मेलेलं माणूस पुढच्या भागात परत जिवंत व्हायचं. जिथे कशाचंच कायमचं नुकसान होत नाही, तिथे कशाचाच शेवट होत नाही. १८३९ च्या सुमाराला शार्लटनं त्या जगाचा निरोप घेणारं एक टिपण लिहिलं. तापलेला, झगझगीत प्रदेश सोडून जरा थंड, करड्या हवेत जायची इच्छा त्यात आहे आणि जाताना जीव किती तुटतो हेही आहे.

पुढे १८४७ मध्ये ‘जेन एअर’ आली. अँग्रिया तिच्यात नाहीशी झालेली नाही. रॉचेस्टरमध्ये झमोर्नाचं रक्त सरळसरळ ओळखू येतं: तोच ताठा, तेच गुपितांचं ओझं, बायकांच्या बाबतीतला तोच बेदरकारपणा. बदललं ते एकच. आता हा माणूस आपल्याला एका साध्यासुध्या चेहऱ्याच्या, पगारावर राहणाऱ्या शिक्षिकेच्या नजरेतून दिसतो, आणि त्या घराच्या तिसऱ्या मजल्यावर हसतं कोण हे तिला माहीत नाही. घरातली माणसं तिला एका नोकराणीचं नाव सांगतात. ती ते मानून चालते आणि आपणही मानतो. लग्नाच्या वेदीपाशी सत्य कळतं तेव्हा तिचं सगळंच जातं: प्रेम, घर, पोटाची सोय. अँग्रियातल्या सर्वज्ञ निवेदकाला हा मजला पहिल्याच पानावर उघडता आला असता. जेनला तो उघडता येत नाही, म्हणून आपण पान उलटतो.

एमिलीनंही त्याच वर्षी तेच केलं. ‘वदरिंग हाइट्स’मधली रानटी माणसं थेट आपल्यापुढे येत नाहीत. आधी येतो लॉकवुड, शहरातला भाडेकरू, ज्याला काहीही कळत नाही. त्या घरातली तरुण स्त्री कोणाची बायको आहे याचा तो अंदाज करतो आणि चुकतो. कोपऱ्यात मऊ गठ्ठा दिसतो, त्याला त्या लाडक्या मांजरी वाटतात; जवळून पाहतो तर मेलेले ससे. एवढ्या एका चुकीतून घराची सगळी हवा कळते. गोंडलचा इतिहास पाठ असलेल्या एमिलीला या माणसांची पिढ्यान्‌पिढ्यांची वैरं सरळ सांगून टाकणं अवघड नव्हतं. पण तिनं दारात एक अनभिज्ञ माणूस उभा केला, आणि कादंबरी झाली.

इंग्रज लेखक टॉल्किनच्या बाबतीत हाच झगडा एका माणसाच्या आयुष्यभर चाललेला दिसतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यानं आपल्या पुराणकथा लिहायला घेतल्या, त्याही आधी भाषा रचायला घेतल्या होत्या. १९३७ मध्ये मुलांसाठी लिहिलेली ‘द हॉबिट’ प्रसिद्ध झाली आणि खपली. प्रकाशकानं पुढचं पुस्तक मागितलं तेव्हा टॉल्किननं आयुष्यभर जपलेल्या ‘सिल्मरिलियन’चं बाड पुढे केलं. ते परत आलं. प्रकाशकाला हॉबिटच हवे होते. वरवर पाहता हा बाजाराचा हिशेब होता. पण त्या नकारातून मोठं काम झालं असं माझं मत आहे. हॉबिट म्हणजे त्या जगाचा इतिहास ज्यांना ठाऊक नाही अशी लहानखुरी, घरकोंबडी माणसं. ‘सिल्मरिलियन’मध्ये देव आहेत, अमर एल्फ आहेत, युगं आहेत, पण आपल्यासारखं न कळणारं, दमणारं, परत घरी जावंसं वाटणारं जवळजवळ कोणी नाही. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) मध्ये तेच जग फ्रोडो आणि सॅम या हॉबिटांच्या उंचीवरून दिसलं आणि लाखो लोकांना त्यात शिरता आलं.

लिहिताना टॉल्किन स्वतःच न कळण्याच्या जागेवर जाऊन बसला, हे त्याहून महत्त्वाचं. ब्री गावाच्या खानावळीत कोपऱ्यात बसलेला अनोळखी वाटाड्या त्याला लिहिता लिहिता भेटला. तो कोण हे फ्रोडोइतकंच आपल्यालाही ठाऊक नव्हतं, असं त्यानं पुढे एका पत्रात कबूल केलं आहे. पहिल्या मसुद्यांत हा माणूस चक्क एक हॉबिट होता, ट्रॉटर नावाचा, पायांत लाकडी जोडे घालणारा. पुढे तोच राजवंशाचा वारस अ‍ॅरागॉर्न निघाला. मोरियाच्या खाणीत बालिनच्या थडग्यापाशी लेखन अडकलं ते जवळजवळ वर्षभर. ढीगभर टिपणांचा आधार असणाऱ्याची ही अवस्था व्हायला नको होती. पण ती झाली, कारण त्या अंधारात पुढे काय आहे हे पात्रांबरोबर त्यालाही शोधायचं होतं.

गोष्टीनं मागणी केली तेव्हा त्यानं जग बदललं, हा धडा तर वहीत अडकलेल्या प्रत्येकानं लक्षात ठेवावा. ‘द हॉबिट’च्या १९३७ च्या आवृत्तीत गॉलम कोड्यांच्या पैजेत आपली अंगठी बक्षीस म्हणून लावतो आणि हरल्यावर खरोखरच द्यायला तयार असतो. नव्या कादंबरीतली अंगठी मात्र माणसाला गिळून टाकणारी होती. ती कोणी सुखासुखी देणं शक्यच नव्हतं. तेव्हा छापून, विकून, वाचून झालेलं प्रकरण टॉल्किननं पुन्हा लिहिलं आणि ते १९५१ च्या आवृत्तीत आलं. आपल्या जगातला एखादा सण किंवा डोंगर हलवायला जे घाबरतात त्यांनी हे धैर्य पाहावं.

आणि दुसरी बाजूही पाहावी. कादंबरी पुरी छापून झाल्यावर १९७३ मध्ये मृत्यू येईपर्यंत टॉल्किनच्या हाती ‘सिल्मरिलियन’साठी १८ वर्षं होती. ते पुरं झालं नाही. उतारवयात त्याला वाटू लागलं की आपल्या पुराणातली सपाट पृथ्वी आणि झाडाच्या फळापासून झालेला सूर्य शास्त्राला धरून नाहीत, म्हणून तो पायापासून सगळं फेररचू लागला. गोष्टी तिथेच थांबल्या. अखेर मुलानं, ख्रिस्तोफरनं, १९७७ मध्ये ते पुस्तक जुळवून छापलं आणि मग १९८३ ते १९९६ या काळात बाकीच्या मसुद्यांचे १२ खंड काढले. ‘सिल्मरिलियन’मध्येही जी कथा काळजाला भिडते ती तुरिनची: अंधारात शत्रू समजून आपल्याच मित्राला मारणारा, न कळत सख्ख्या बहिणीशी लग्न करणारा. लेखकाला आणि देवांना सगळं ठाऊक आहे, तुरिनला नाही. म्हणजे ज्या पुस्तकात जगाचा भार सर्वांत जास्त, तिथेही गोष्ट न कळण्याच्याच वाटेनं आली आहे.

यावर एक रास्त आक्षेप येईल. टॉल्किनपाशी एवढं जग आधी नसतं तर त्याच्या कादंबरीला ती खोली आली असती का? नसती आली, हे मान्य. वाटेतल्या पडक्या मनोऱ्यामागे खरोखर इतिहास आहे असं वाचकाला वाटतं, कारण लेखकापाशी तो असतो. मात्र हा इतिहास काम करतो तो न सांगितल्यामुळे. मनोऱ्याची पूर्ण हकिगत तिथेच दिली असती तर पांथस्थ थांबले असते आणि वाचकही. सुसंगतीचंही तसंच. टॉल्किननं चंद्राच्या कला जुळवल्या हे खरं आहे. पण १९४४ मध्ये त्याला त्यातली चूक सापडली ती फ्रोडो एकीकडे आणि त्याचे सोबती दुसरीकडे चालत असताना, दोघांच्या आकाशात एकाच रात्री वेगवेगळा चंद्र दिसू लागला म्हणून. पात्रं चालू लागली तेव्हा चंद्राची गरज पडली. जिथे कोणी चालतच नाही तिथल्या पंचांगाची शुद्धी करत बसण्यात आयुष्य जातं.

आधी जग पुरं व्हायला हवं हा समज किती पोकळ आहे हे आर. के. नारायण यांनी दाखवून दिलं. १९३० च्या सप्टेंबरात, आजीनं काढून दिलेल्या चांगल्या दिवशी, त्यांनी एक वही विकत आणली आणि कादंबरीचं पहिलं वाक्य लिहिलं. त्याबरोबर मालगुडी नावाचं एक छोटं रेल्वे स्टेशन त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. त्याआधी मालगुडी नव्हतं. शाळा नको असलेल्या स्वामी नावाच्या मुलाचा सोमवार होता, आणि त्याला जिथे जिथे जायची वेळ आली तिथे तिथे गल्ली, शाळा, नदी तयार झाली. अनेक पुस्तकांनंतर एका अभ्यासकानं त्यांतल्या उल्लेखांवरून मालगुडीचा नकाशा काढला. ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ (१९३५) संपते तीही स्टेशनवरच: जिवलग मित्र राजम गाव सोडून चालला आहे आणि त्यानं आपल्याला माफ केलं की नाही हे स्वामीला कळत नाही. नारायणांनी मालगुडीवर पुढे कित्येक दशकं लिहिलं. पण या मुलाची गोष्ट त्यांनी त्याच्या न कळण्यापाशी बरोबर संपवली. आपल्याकडे जी. ए. कुलकर्णींनी ‘रमलखुणा’ (१९७५) मधल्या ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दोन दीर्घकथांत परका, नाव-गाव न कळणारा प्रदेश उभा केला. त्याला ना नकाशा आहे ना परिशिष्ट. चालणाऱ्या माणसाला दिसेल तेवढंच जग आपल्याला दिसतं आणि तेवढं पुरतं.

गोष्ट पुरी करायची तर टाकावंही लागतं. याची आपल्या मातीतली सर्वांत कठोर कथा गुणाढ्याची. ११ व्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवानं रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त ती सुरुवातीलाच आहे. प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, सातवाहन राजाचा हा मंत्री. एका पैजेपायी संस्कृत, प्राकृत आणि देशी अशा तिन्ही भाषा सोडून विंध्याच्या रानात गेला, पैशाची भाषा शिकला आणि सात वर्षांत सात लाख श्लोकांची ‘बृहत्कथा’ त्यानं रक्तानं लिहून काढली. राजानं ती तुच्छतेनं परत पाठवली. तेव्हा गुणाढ्य डोंगरावर गेला, समोर अग्नी पेटवला आणि एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवून आगीत टाकू लागला. सहा लाख श्लोक गेले. उरला एक लाखाचा भाग, नरवाहनदत्ताची कथा. कारण ती त्याच्या दोन शिष्यांना फार आवडायची.

ही कथा सहसा प्रतिभेच्या अवहेलनेची म्हणून सांगितली जाते, आणि तो अन्याय आहेच. पण काय उरलं आणि का उरलं, इकडे माझं लक्ष जातं. उरलेला भाग एका माणसाची गोष्ट होता आणि तो ऐकणाऱ्यांना हवा होता. सात लाखांच्या जगातून निवड कोणी केली? कवीनं नव्हे, शास्त्रानं नव्हे, श्रोत्यांच्या ओढीनं. महाभारतही कोणी उगाच सांगत बसलेलं नाही: सर्पसत्रात जनमेजय आपल्या पूर्वजांचं वैर कसं जुंपलं ते विचारतो, म्हणून वैशंपायन सांगतो. ब्राँटी बहिणी रात्री जेवणघरात येरझारा घालत एकमेकींना आपली प्रकरणं ऐकवायच्या. टॉल्किनमागे त्याचा मित्र सी. एस. लुइस याचा तगादा होता आणि युद्धकाळात दक्षिण आफ्रिकेत वैमानिकाचं शिक्षण घेणारा ख्रिस्तोफर पुढच्या प्रकरणांची वाट पाहायचा. जग एकट्यानं रचता येतं. गोष्टीला मात्र ‘मग काय झालं?’ असं विचारणारं कोणीतरी लागतं, आणि त्याला कंटाळा येईल ही भीतीही लागते.

मग शेवट कुठे करायचा? जगाच्या बाजूनं पाहिलं तर कुठेच करता येत नाही. राजा मेला की युवराज गादीवर बसतो. पण सुरुवातीला जे कोणाला ठाऊक नव्हतं ते कळलं आणि त्याची किंमत चुकती झाली की गोष्ट संपली. टॉल्किननं सॅम आपल्या मुलांना हकिगत सांगतो असा एक उपसंहार लिहिला होता. छापताना तो गाळला. पुढे शंभरेक वर्षांनंतरच्या काळावर दुसरी कादंबरी सुरू केली आणि काही पानांतच सोडून दिली. जग शिल्लक होतं, प्रश्न शिल्लक नव्हता. हा फरक ज्याला कळला त्याला शेवटाची भीती उरत नाही, कारण शेवट म्हणजे आपल्या जगाचा विश्वासघात नव्हे हे त्याला समजलेलं असतं.

उलट मला वाटतं, गोष्ट पुरी करणं हेच आपल्या जगाशी इमान राखणं आहे. एमिलीनं गोंडलचा जो गद्य इतिहास लिहिला त्याचं एक पानही आज उपलब्ध नाही. कविता तेवढ्या राहिल्या. १८४५ मध्ये २७ व्या वर्षीदेखील ॲनबरोबरच्या प्रवासात ती गोंडलच्या पात्रांची सोंगं घेत होती, इतकं ते तिच्या जिवाचं होतं. तरीही जगापर्यंत पोचली ती लॉकवुडच्या चुकीच्या अंदाजांनी सुरू होणारी एक पुरी कादंबरी. ज्यांच्या वहीत आज एखादा प्रदेश पडून आहे त्यांनी तो आवडीनं आणखी फुलवावा, मी त्याच्या आड येणार नाही. पण त्यातली एक व्यक्ती निवडा. तिला काय ठाऊक नाही आणि ते कळायला तिचं काय जाणार आहे, एवढं ठरवा. ऐकणारं एक माणूस गाठा आणि लिहायला लागा. नकाशा आड आला तर नकाशा बदला. गोष्ट थांबवू नका.